उताऱ्यातला ओढा, शिवारातला ओढा

खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या गावात गायरानातला खचलेला ओढा दुरुस्त करायचा म्हटलं, तर कुदळीच्या आधी तलाठ्याकडे खेटा घालावा लागतो. ओढा नकाशात एकीकडे असतो, शिवारात दुसरीकडे. याचं मूळ इंग्रजी अमदानीत आहे.

बेळगाव-धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखाची मोजणी 1840 च्या दशकात विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सुरू झाली. सर्व्हे नंबर पडले, पिकाखालच्या जमिनीवर आकार, म्हणजे शेतसारा, बसला आणि ओढ्याचा पट्टा 'खराबा', म्हणजे पिकाला निरुपयोगी, म्हणून वजा झाला. मुंबई इलाख्याच्या 1879 च्या जमीन महसूल कायद्याने कलम 37 मध्ये नद्या, ओढे, नाले सरकारच्या मालकीचे ठरवले. 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, 1964 चा नवा कायदा आला. त्यातल्या कलम 67 मध्ये तीच तरतूद आहे. कागद मराठीतून कन्नडमध्ये गेले, गायरानाचं 'गोमाळ' झालं, ओढ्याचा 'हळ्ळ' झाला. सार्वजनिक वापराचा ओढा उताऱ्यावर आजही 'ब खराब' असतो. खराब! शब्दातच त्याची किंमत कळते.

ओढा खचला तो मात्र वरून. कणकुंबीकडे वर्षाला तीन-चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, अथणीकडे जेमतेम पाचशे-सहाशे. दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात. पश्चिमेला जांभ्याची कठीण टोपी आणि तिच्याखाली मऊ, शाडूसारखी माती. टोपीवरचं रान टिकलं तोवर पाणी मुरत होतं. एकोणिसाव्या शतकात जंगलं राखीव झाली, कुमरीवर (रान जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर) बंधनं आली, राखीव हद्दीबाहेर राहिलेल्या माळांवर गुरांचा नि लाकूडफाट्याचा भार वाढला. पुढे माळाचे तुकडे अतिक्रमणात गेले. 'बगर हुकूम', म्हणजे परवानगीशिवाय कसलेली सरकारी जमीन नावावर करून घेण्यासाठी नमुना 50, मग 53, मग 57 असे अर्ज निघाले. गायरान असं आक्रसत गेलं की ओढ्याला येणारं पाणी थांबतच नाही, सुसाट येतं. ते तळ खरवडतं. तळ खाली गेला की काठ पोकळ होऊन ढासळतो आणि घळ डोक्याकडून माळाला खात वर सरकते. शेजारच्या विहिरींची पातळीही तळाबरोबर उतरते. काठावरच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्याचा बांध दर मृगानंतर मागे येतो.

सरकारी उपाय झालेच नाहीत असं नाही. मुंबई इलाख्याच्या 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यातून बांधबंदिस्तीला जोर आला, पण ती मुख्यतः खातेदारांच्या शेतात; ओढा सरकारी, म्हणून तो योजनेच्या कडेलाच. पुढे पाणलोट योजना आणि 2005 च्या कायद्याची रोजगार हमी आली. त्यातून काही ठिकाणी चर आणि दगडी बांध झाले. पण बिलात सोपं बसतं ते खोलीकरण. जेसीबी लावायचा, वळणं सरळ करायची, गाळ काठावर टाकायचा. माझ्या मते खचलेल्या ओढ्याला आणखी खोल करण्याइतका उलटा इलाज दुसरा नाही. सरळ केलेल्या ओढ्यात पाणी आणखी वेग घेतं आणि काठावरचा गाळ पहिल्याच पावसात परत आत.

दुरुस्तीचा जुना क्रम 'माथा ते पायथा'. आधी माळावर समतल चर आणि चराईबंदी, मग घळीच्या डोक्याला दगडांचा आधार, मग खाली टप्प्याटप्प्याने अनगड दगडांचे बुटके बांध. त्यांच्यामागे गाळ साचला की तळ वर येतो. काठाला वाळा, निर्गुडी, करंज, मेस बांबू.

पण माथ्यावरच तर गायरान आहे, आणि वाद तिथलेच. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं. त्यासाठी आधी हद्द मोजावी लागते. ओढा सरकला असेल तर जुन्या नकाशातला पट्टा कुणाच्या तरी उसात निघतो आणि आजचा प्रवाह दुसऱ्याच्या भातात. मोजणीच्या अर्जावर पंचायत सही करते; साखळी ओढायची वेळ आली की त्या दोन शेतांचे धनी ग्रामसभेत समोरासमोर बसलेले असतात.