मर्यादित संख्येच्या वेगवान मोटारी आणि ‘भावी क्लासिक’चा प्रश्न : पार्श्वभूमी

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात वापरलेल्या मोटारींच्या व्यवहारात अलीकडे एक शब्द वारंवार कानावर पडतो. गाडी दाखवताना विक्रेता इंजिन, टायर किंवा विम्याबद्दल बोलण्याआधी सांगतो की गाडी ‘लिमिटेड’ आहे, भारतात तिच्या मोजक्याच आल्या आणि पुढे ती क्लासिक होणार आहे. एमएच १० असो, एमएच ११ असो की एमएच ५०, क्रमांकाच्या पाटीबरोबर या भाकिताचीही किंमत आता लावली जाते. भाकीत खरे ठरेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. ते ज्या समजुतीवर उभे आहे तिचा इतिहास मात्र तपासता येतो, आणि तो तपासल्यावर ‘मोजक्याच आल्या’ हा विक्रेत्याचा पहिला मुद्दाच सर्वांत कच्चा निघतो.

मर्यादित संख्येची कल्पना विक्री खात्याने काढलेली नाही, ती शर्यतीच्या नियमांतून आली. सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या गटात शर्यतीला उतरायचे असेल, तर कंपनीने तशाच किमान अमुक इतक्या गाड्या बांधून दाखवाव्यात, अशी अट असे. १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ याच अटीपोटी जन्मली. पाचशे गाड्या तरी खपतील का, अशी धास्ती असताना अखेर १,५८० बांधल्या गेल्या. १९८० च्या दशकातील पहिल्या बीएमडब्ल्यू एम३ साठी हा आकडा पाच हजारांचा होता. या गाड्या आज क्लासिक मानल्या जातात, पण त्यांच्यावरील आकडा कमाल मर्यादा सांगत नव्हता, किमान सांगत होता. आजच्या जाहिरातीत ‘फक्त इतक्याच’ असे येते, त्या काळी ‘निदान इतक्या तरी’ असा हिशोब होता. या एका फरकाने सगळ्या चर्चेचा अर्थ बदलतो, आणि तो सहसा कोणी लक्षात घेत नाही.

भविष्यात किंमत वाढेल म्हणून नवी मोटार विकत घेण्याची लाट प्रथम १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. फेरारी एफ४० च्या सुमारे चारशे गाड्या बांधण्याचा मूळ विचार होता, प्रत्यक्षात तेराशेहून अधिक बांधल्या गेल्या. त्याच सुमारास जॅग्वार एक्सजे २२० साठी ग्राहकांनी पन्नास हजार पौंडांची अनामत भरली. गाडी तयार होईपर्यंत मंदी आली, कबूल केलेल्या बारा सिलिंडरांच्या जागी सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन आले, अनेक ग्राहकांनी अंग काढून घेतले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तीनशेपेक्षाही कमी गाड्या बनूनही पुढची अनेक वर्षे तिला भाव नव्हता. मॅक्लारेन एफ१ सुद्धा मुळात अधिक संख्येने बनवायची होती. गिऱ्हाईक न मिळाल्याने ती शर्यतीच्या गाड्या धरून १०६ वर थांबली. २०२१ मध्ये तिच्यातील एका गाडीला अमेरिकेतील लिलावात दोन कोटी डॉलरांहून अधिक किंमत मिळाली. म्हणजे जिची दुर्मिळता आधी जाहीर झाली ती रखडली, आणि जी नाइलाजाने दुर्मिळ झाली ती शिखरावर गेली. दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये हे खरे, पण पुढचे उदाहरणही याच बाजूला झुकते. २०१६ ची पोर्शे ९११ आर ९९१ गाड्यांपुरती मर्यादित होती आणि हाताने गिअर बदलायची असल्याने तिची फेरविक्री काही काळ मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने झाली. पुढच्याच वर्षी कंपनीने तशाच धाटणीची, तसाच गिअरबॉक्स असलेली गाडी संख्येची मर्यादा न घालता बाजारात आणली आणि तो फुगा बराच खाली बसला.

आपल्याकडची कथा खरी सुरू होते ती १९९९ नंतर. त्याआधीची संस्थानिकांच्या मोटारींची परंपरा वेगळी आहे, तिच्याशी या प्रश्नाचा फारसा संबंध नाही. फोर्ड आयकॉनचे १.६ लिटर इंजिन, २००१ ची फियाट पालिओ १.६, २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, या गाड्यांनी इथल्या तरुणांना पहिल्यांदा दाखवले की परवडण्याच्या जवळपास असलेली मोटारही वेगवान असू शकते. खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये खेचत वर नेण्याचे सुख अनेकांनी याच गाड्यांत प्रथम घेतले. त्यांपैकी एकीवरही मर्यादित आवृत्तीच्या अनुक्रमांकाची पट्टी नव्हती. त्याच काळात, २००३ मध्ये, मारुतीने झेनची तीन दारांची ‘कार्बन’ आणि ‘स्टील’ ही रूपे काही शे गाड्यांपुरती काढली. यंत्र तेच होते, दारे कमी आणि रंग ठरलेला. भारतातील लिमिटेड एडिशनची पुढची बरीचशी वाटचाल याच वळणाने झाली, फरक इतकाच की झेनमध्ये निदान पत्रा तरी वेगळा होता. नंतरच्या काळात स्टिकर, सीट कव्हर आणि डॅशबोर्डवरची पट्टी एवढ्यावरच भागू लागले. अशा गाड्यांबद्दल भावी क्लासिक हा शब्द वापरणे या टिपणाला मान्य नाही.

शब्दाचा गुंता इथूनच वाढला. आज भारतात लिमिटेड एडिशन म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटारींत तीन अगदी भिन्न गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कारखान्याने जगभरासाठीच ठरावीक संख्येत बांधलेली गाडी ही पहिली. जगभर अमर्याद बनणारी, पण भारतात कमी आणलेली गाडी ही दुसरी. कोणी घेतलीच नाही म्हणून कमी उरलेली गाडी ही तिसरी, जिला लिमिटेड असे कोणी म्हणतही नाही. आपल्या बाजारात बोलबाला आहे तो दुसऱ्या प्रकाराचा, आणि त्याचे मूळ एका सरकारी नियमात आहे. परदेशी बनावटीचे मॉडेल इथे विकायचे तर त्याच्या इथल्या चाचण्या आणि मान्यता यांवर मोठा खर्च होतो. २०१८ मध्ये हा नियम सैल झाला आणि मान्यताप्राप्त परदेशी मानकांत बसणाऱ्या गाड्या वर्षाला २,५०० पर्यंत या चाचण्यांशिवाय आणण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. २०२० ची २४५ अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस २०० च्या संख्येने आली. २०२५ मध्ये तिची पुढची आवृत्ती जवळपास पन्नास लाखांना, १०० च्या संख्येने आली. त्याच वर्षी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली, पहिल्या खेपेत १५०. युरोपात या दोन्ही गाड्या कोणीही शोरूममध्ये जाऊन मागवू शकतो. त्यांची इथली दुर्मिळता कारखान्यात घडलेली नाही, ती बंदरावर घडली आहे.

म्हणून ती खोटी म्हणावी का, यावर दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. बाजार बंद असेल तर आतली टंचाई ही खरीच टंचाई असते, कारण तीन वर्षांहून जुनी मोटार सर्वसामान्य मार्गाने भारतात आणता येत नाही आणि डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली तर नाहीच. उद्या सांगलीतल्या एखाद्याला २०१६ ची फोक्सवॅगन पोलो जीटीआय हवी असेल, तर त्याला भारतात आलेल्या गाड्यांतूनच शोधावी लागेल. पण ही भिंत धोरणाची आहे, आणि धोरण बदलते. २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक कोट्यापुरते मोटारींवरील आयात शुल्क शंभर टक्क्यांहून दहा टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद आहे. भिंत जितकी खाली येईल, तितकी तिच्या आडोशाने मिळालेली किंमतही उतरेल.

पोलो जीटीआयचा उल्लेख आला आहे तर तिच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण वरचा सगळा गुंता तिच्यात एकवटला आहे. २०१६ च्या अखेरीस ती २५.९९ लाखांना आली, संख्या ९९, दारे तीन, इंजिन १.८ लिटर टर्बो, ताकद १९२ अश्वशक्ती. बाहेरून पाहणाऱ्याला ती शेजाऱ्याच्या दहा लाखांच्या पोलोसारखीच दिसे. पुढच्या वर्षी किंमत उतरवून १९.९९ लाख करावी लागली. म्हणजे नव्व्याण्णव गाड्यांनाही गिऱ्हाईक सहज मिळाले नाही. त्याच सुमारास पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट पुंटोची अबार्थ आवृत्ती बनत होती. १४५ अश्वशक्ती, हाताचा गिअर, दहा लाखांच्या आत किंमत आणि संख्येची कोणतीही मर्यादा नाही. ती फार थोड्यांनी घेतली आणि २०२० च्या भारत स्टेज सहा या प्रदूषण मानकांआधीच बाजारातून गेली. तीस वर्षांनी या दोघींपैकी कोणाला जास्त मान मिळेल, असे विचारले तर या टिपणाचा कौल पुंटोला आहे, आणि त्याची कारणे भावनेपेक्षा दुरुस्तीशी अधिक निगडित आहेत.

त्याआधी कायद्याचा विषय. आपल्याकडे ‘क्लासिक’ नावाचा कायदेशीर वर्ग नाही, आहे तो ‘व्हिंटेज’. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. रोजच्या वापराला मात्र ती काढता येत नाही. दुसऱ्या टोकाला नोंदणीची पंधरा वर्षांची मर्यादा आहे. ती ओलांडली की दर पाच वर्षांनी रिपासिंग करावे लागते. २०२२ पासून आयात केलेल्या चारचाकीला त्यासाठी चाळीस हजार रुपये लागू झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील आयात गाडीसाठी ते ऐंशी हजार झाले. राज्याचा पर्यावरण कर निराळाच. २०१६ च्या आयात गाडीचा हिशोब मांडला तर २०३१ मध्ये चाळीस हजार आणि त्यानंतर २०६१ पर्यंत सहा वेळा ऐंशी हजार, म्हणजे आजच्याच दराने पाच लाख वीस हजार रुपये नुसत्या फेरनोंदणीचे होतात. आणि २०६६ मध्ये तीच गाडी व्हिंटेज झाली की वीस हजारांत काम होते. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडी ना नवी, ना वारसा. सरकारी नजरेत ती केवळ भंगारात न गेलेली गाडी असते. अनेक देशांत हा पल्ला तीस किंवा चाळीस वर्षांचा आहे. आपल्याकडे तो पन्नास का ठेवला, याचे समाधानकारक स्पष्टीकरण वाचनात आलेले नाही आणि हा आकडा अनाठायी कठोर आहे, असे स्पष्टच म्हणावे लागते.

‘मूळ स्वरूपात’ ही अटही दिसते तितकी सोपी नाही. वेगवान मोटारीचा मालक बहुधा पहिल्या दोन वर्षांतच गाडी रिमॅप करतो, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतो, सायलेन्सर बदलतो आणि जुना सायलेन्सर गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून विसरतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास कायद्याने मनाई असल्याचे स्पष्ट केले, पण सवय गेली नाही. नव्व्याण्णवांपैकी कंपनीतून आली तशी उरलेली गाडी किती, हाच पुढे खरा आकडा ठरेल.

आता दुरुस्ती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जुना तानपुरा आणून दिला तर भोपळा, घोडी, तारा यांतले जे खराब असेल ते हाताने नवे करता येते, कारण मुळात ते हातानेच केलेले असते. कार्ब्युरेटरच्या काळातील मोटार याच जातीची होती. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर घडवून घेता येई, आणि कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत लेथला तोटा नाही. आजच्या वेगवान मोटारीत मात्र इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि किल्ली एकमेकांशी सांकेतिक भाषेत बोलतात. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारी संगणक पेटी, गेला तर नवा आणून जुळवून घ्यावा लागतो, आणि ती जुळणी कंपनीच्या सर्व्हरशिवाय होईलच असे नाही. पोलो जीटीआयच्या दाराची काच पाच दारांच्या पोलोला बसत नाही. तिच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सची नियंत्रण पेटी लेथवर घडत नाही. पुंटोच्या साध्या गिअरबॉक्सचे तसे नाही, आणि तिचा बराचसा पत्रा साध्या पुंटोशी जुळतो.

या भागापुरती आणखी दोन संकटे आहेत. सांगलीत कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरले. पाण्यात बुडालेली जुनी फियाट मिस्त्री खोलतो, धुतो, तेल बदलतो आणि चालू करतो. सीटखाली आणि गालिच्याखाली वायरिंग व नियंत्रण पेट्या असलेली मोटार पाण्यात गेली तर विमा कंपनी सहसा ती पूर्ण नुकसानीत काढते. दुसरे संकट पंपावर आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र मिळते, आणि २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केट त्यासाठी बनवलेली नाहीत. यातले काही इथेनॉल ज्या उसापासून आणि मळीपासून येते, तो ऊस सातारा-सांगलीच्याच रानांत उभा असतो. ऊस घालून आलेल्या पैशातून घेतलेली गाडी त्याच उसाच्या इंधनाने कुरतडली जावी, हा योग जरा विचित्रच म्हणायचा.

संख्येच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्यांना इथल्याच एका यंत्राचे उत्तर आहे. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळात भरमसाट बनली. तिची कोणतीही आवृत्ती मर्यादित नव्हती. वाळव्यापासून कोरेगावपर्यंत प्रत्येक गावात ती होती, आणि म्हणूनच ती परवडत नसलेल्या शाळकरी मुलांनीही तिचा आवाज ओळखला. ती मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत, हातात पैसा आहे, आणि चांगल्या अवस्थेतील आरएक्ससाठी ती मूळ किमतीच्या अनेक पट मोजतात. तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि ती खोलून जोडणारे हात गावोगाव आहेत. नव्व्याण्णव किंवा शंभर मोटारींच्या बाबतीत अशी मुले कुठून येणार, हा प्रश्न राहतो. ज्यांनी गाडी रस्त्यावर पाहिलीच नाही, ते तिच्यासाठी पुढे हळवे होणार नाहीत. मात्र आजची मुले मोटार मोबाइलच्या पडद्यावर आणि व्हिडिओ गेममध्ये पाहतात, तिथे दुर्मिळ गाडीही रोज दिसते. त्यामुळे आरएक्सचा दाखला त्यांच्या बाबतीत तसाच्या तसा लागू पडेल असे नाही.

पोलो जीटीआयच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०३१-३२ मध्ये पुरी होतात. त्या वेळी नव्व्याण्णवांपैकी किती मालक चाळीस हजार भरून रिपासिंगच्या रांगेत उभे राहतात आणि किती गाडी भंगारात देतात, हा या विषयावर भारतात मिळणारा पहिला खरा आकडा असेल.