शांतिस्तंभ

जगात शांती नांदावी ही इच्छा एकाहून अधिक भाषांत लिहून सार्वजनिक जागी उभा केलेला स्तंभ. बहुधा लाकडी, चौकोनी, सुमारे अडीच मीटर उंच. प्रत्येक बाजूवर एका भाषेत तेच एक वाक्य. सहा वा आठ बाजूंचे स्तंभही असतात. शाळा, बागा, प्रार्थनास्थळे यांच्या आवारात ते आढळतात.

मूळ वाक्य जपानी आहे. जपानी विचारवंत मासाहिसा गोई (१९१६–८०) यांनी ते महायुद्धोत्तर जपानमध्ये, साधारणतः १९५५च्या सुमारास, प्रार्थना म्हणून मांडले. स्तंभांची प्रथा मात्र १९७६पासून धरतात. प्रार्थना आणि स्तंभ यांत अशी दोन दशके पडत असल्याने स्तंभाचे वय १९५५पासून मोजणे योग्य नव्हे. जगभर दोन लाखांहून अधिक स्तंभ उभे असल्याचे प्रवर्तक संस्था सांगते. या स्तंभांचे नाते अशोकाच्या स्तंभलेखांशी, तसेच त्याच्याच कंदाहारच्या ग्रीक-अरमाईक द्विभाषी लेखाशी जोडण्याचा मोह होतो. पण ते राजाचे सांगणे आहे, हे कुणाही माणसाचे मागणे. मराठी शिलालेखांच्या शेवटी येणारे ‘मंगल महाश्री’ याला अधिक जवळचे वाटते.

वाक्याच्या भाषांतराचा प्रश्न विस्ताराने पाहण्यासारखा आहे. जपानी वाक्याचा शब्दशः अर्थ ‘जगातील मानवजात शांतीत असो’ असा होतो. त्याच्या प्रचलित इंग्रजी रूपात मानवजात गळून पृथ्वी आली. मराठीत ‘विश्वात शांती नांदो’ असे रूप जुळते. येथे ‘शांतता’ चालत नाही. तो शब्द वाचनालयाच्या भिंतीवरचा, गप्प बसा असे सांगणारा. ‘शांती’ मात्र वास्तुशांत, उदकशांत यांतून घराघरांत रुळलेली. ‘नांदणे’ हे क्रियापद तर या वाक्याला मराठीने दिलेले देणेच म्हणावे लागेल. नव्या सुनेला ‘सुखाने नांदा’ म्हणतात, तेव्हा भांडण कधी होणारच नाही असे कुणी गृहीत धरत नाही. एका घरात अनेकांनी मिळून राहावे, एवढेच अभिप्रेत असते. ‘ओ’कारान्त आज्ञार्थी रूप पसायदानातल्या ‘पडो’, ‘लाहो’ यांच्या कुळातले असल्याने कानाला परके वाटत नाही.

गोव्यात भाषेइतकाच लिपीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद केली. रोमी, म्हणजे रोमन लिपीतील, कोकणी ही मोठ्या समाजाची वाचनाची व प्रार्थनेची भाषा आहे. तीत ‘शांती’तला ‘श’ पोर्तुगीज वळणाने ‘एक्स’ या अक्षराने लिहितात, म्हणजे एकच शब्द स्तंभाच्या दोन बाजूंवर ओळखू न येण्याइतका वेगळा दिसतो. लिपी आणि भाषा यांची सांगड येथे पूर्वीही पक्की नव्हती : १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्ती काव्य मराठी, पण रोमी लिपीत आहे. चौकोनी स्तंभावर देवनागरी कोकणी, रोमी कोकणी, मराठी आणि इंग्रजी बसवली की पोर्तुगीज, कन्नड, हिंदी, उर्दू बाहेर राहतात. अशा ठिकाणी आठ बाजूंचा स्तंभ प्रस्तुत लेखकाला अधिक न्याय्य वाटतो.

स्तंभ ज्या साहित्याचा करायचा त्याचाही विचार हवा. गोव्याचा घरबांधणीचा दगड म्हणजे जांभा, येथल्या बोलीत चिरा. तो छिद्रमय; त्यावर अनुस्वार कोरला तर तो आणि दगडाचे मूळ भोक यांत फरक राहत नाही. बारीक अक्षरांसाठी काळा पाषाण वा धातूचा पत्रा घ्यावा लागतो. लाकूड उघड्यावर पावसाळ्यात तग धरत नाही. कोरीव देवनागरीत शिरोरेषेच्या आडव्या खोबणीत पाणी थांबते व श्रावणापर्यंत तीत हिरवे शेवाळ धरते. रोमी अक्षरे त्या मानाने स्वच्छ राहतात.

याच कल्पनेची वास्तुरूपे अन्यत्र आहेत. कलावंत क्लारा हाल्टर आणि वास्तुशिल्पी झाँ-मिशेल विल्मोत यांची पॅरिसमधील काचेची शांतिभिंत (२०००) आणि हिरोशिमातील शांतिद्वारे (२००५) ही त्यांतील प्रमुख. हिरोशिमात दहा काचेची द्वारे असून त्यांवर ‘शांती’ हा शब्द ४९ भाषांत आहे. तेथे वाक्य नाही, सुटा शब्द आहे. मागणारा माणूस त्यात दिसत नाही. न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्र मुख्यालयातील जपानी शांतिघंटा (१९५४) अनेक देशांतून गोळा केलेली नाणी वितळवून ओतलेली आहे. तिच्यावरचा लेख केवळ जपानीत असल्याने ती या नोंदीच्या कक्षेत काठावरच येते.