अमेरिकेतल्या भावाने अर्ज केलाय, मग नंबर कधी लागणार?

मागच्या आठवड्यात एक काकू आय-७९७ ची नोटीस, म्हणजे अर्जाबद्दल अमेरिकन सरकारकडून येणारा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आल्या. घड्या घालून घालून कागद मधोमध फाटलेला, त्यावर चिकटपट्टी. "भावाचा अर्ज कधीच मंजूर झालाय, मग इतकी वर्षं हे लोक करतायत काय?" असा त्यांचा प्रश्न. हाच प्रश्न मला इतक्या घरांतून येतो की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

पात्रता थोडक्यात: अमेरिकेतल्या भावाला किंवा बहिणीला तुम्हाला तिकडे कायमचं राहायला नेण्यासाठी अर्ज करायचा तर ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक हवी आणि वय किमान २१ हवं. नुसतं ग्रीन कार्ड असून चालत नाही. अर्जाचा फॉर्म आय-१३०, भावंडांच्या व्हिसाचा वर्ग एफ-४. नंबर लागला की तुमच्यासोबत नवरा किंवा बायको आणि २१ च्या आतली अविवाहित मुलं जाऊ शकतात.

आता त्या मंजुरीबद्दल. आय-१३० मंजूर झाला म्हणजे हे भाऊबहिणीचं नातं खरं आहे एवढंच अमेरिकन सरकारने मान्य केलं. व्हिसा ही वेगळी रांग. यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकन खात्याच्या संकेतस्थळावर 'प्रोसेसिंग टाइम' म्हणून जे महिने दिसतात ते या पहिल्या टप्प्याचे असतात. लोक तेच महिने मोजतात आणि उगाच आस लावून बसतात. एफ-४ वर्गाला जगभर मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा असतात, आणि चौघांचं कुटुंब गेलं की त्यातले चार संपतात. वर कोणत्याही एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत असा नियम. त्यामुळे ज्या दिवसाच्या आधीच्या अर्जांना व्हिसा मिळतो ती तारीख भारतासाठी वेगळी छापली जाते, आणि २०२५ मध्ये ती २००६ सालातच होती.

'म्हणजे १९ वर्षं लागतात' असं लगेच सांगितलं जातं, पण ते चूक आहे. आज ज्यांना बोलावलं जातंय ते १९ वर्षं थांबले, एवढाच त्याचा अर्थ. आज अर्ज करणाऱ्याच्या पुढे किती लोक उभे आहेत यावर त्याचा काळ ठरेल. तारीख दर महिन्याला महिनाभर सरकते असंही नाही. कधी आठवडाभर सरकते, कधी जागची हलत नाही, आणि वर्षाचा कोटा संपत आला तर मागेही जाते. अमेरिकन सरकारचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तारीख मागे गेली तर घाबरून जाऊ नका. आणि पैसे घेऊन नंबर पुढे आणून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. हा नंबर कोणालाही पुढे आणता येत नाही.

तारीख वाचण्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तुमची तारीख म्हणजे नोटिशीवरची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे अर्ज त्यांच्याकडे पोचला तो दिवस. मंजुरीची तारीख नव्हे, नोटीस छापल्याचीही नव्हे. अमेरिकन कागदावर महिना आधी लिहितात, त्यामुळे ०३/०८/२००६ म्हणजे ८ मार्च. काकू ३ ऑगस्ट समजून चालल्या होत्या. उलट ही तारीख जिथे छापली जाते त्या अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये दिवस आधी, मग महिन्याची तीन अक्षरं, मग वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. तिथे '०८ मार्च ०६' दिसलं तर ते २००६ साल, २००८ नव्हे. तुमची तारीख छापलेल्या तारखेच्या आधीची हवी. तीच असेल तर अजून थांबायचं.

बुलेटिनमध्ये तक्ते दोन असतात. 'फायलिंग'च्या तक्त्यात नंबर आला की कागदपत्रं जमा करायला बोलावतात. व्हिसा मात्र 'फायनल ॲक्शन'च्या तक्त्यात नंबर आल्यावरच मिळतो. 'फायलिंग'चा तक्ता बघून नोकरीचा राजीनामा दिलेले लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

मंजुरीनंतर फाइल अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि मुंबईच्या प्रकरणांना 'बीएमबी'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. बोलावणं येतं ते अर्जावरच्या जुन्या पत्त्यावर आणि ईमेलवर. वीस वर्षांत भावाने तीन घरं बदललेली असतात, तुमचा ईमेल बंद पडलेला असतो. बोलावणं आल्यावर वर्षभरात काहीच हालचाल झाली नाही तर प्रकरण बंद होऊ शकतं. मग दोन वर्षांच्या आत, आपल्या हाताबाहेरचं कारण होतं हे पटवून द्यावं लागतं. पत्ता बदलला की लगेच कळवा, आणि क्रमांक घरात दोघांकडे तरी लिहून ठेवा. आणखी एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगायलाच हवी. अर्ज करणारा भाऊ वारला तर मंजुरी आपोआप रद्द होते. माणुसकीच्या आधारावर ती पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असं नाही.

फी, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भावाचं उत्पन्नाचं हमीपत्र, पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखत, हे सगळं सांगतील तसं होत जातं. फक्त मस्कत-दुबईला वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही पोलीस दाखला लागतो. तो मिळवायला वेळ जातो.

खरा अडसर जन्मदाखल्याचा. साठच्या दशकात घरीच जन्मलेल्यांची ग्रामपंचायतीत नोंदच नसते. मग ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. मामा-आत्या आहेत तोवर ते करून ठेवा. काही ठिकाणी हा 'नाही'चा दाखला द्यायलाच कर्मचारी तयार नसतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं निवेदन जोडा.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. लग्नात बायकांचं नावच बदलतं. आईचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि भावाच्या कागदावर तिसरंच, घरगुती नाव. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण तिकडच्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच तयार ठेवा.

शेवटी मुलांचं. अर्ज केला तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी नंबर लागेपर्यंत २१ ओलांडते. तिच्या वयातून आय-१३० मंजूर व्हायला लागलेला काळ वजा होतो. नंबर लागला तेव्हा ती २३ ची आणि मंजुरीला साडेतीन वर्षं लागली असतील तर कायद्याने ती साडेएकोणीसची. म्हणजे मंजुरी भराभर मिळालेल्यांना ही सवलत उलट कमी मिळते. नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत पुढची फी किंवा डीएस-२६० भरलेला हवा. आणि मुलगी तोवर अविवाहितच हवी. लग्न ठरलंय, नोंदणी आधी उरकून घेऊ आणि मुहूर्तावर नंतर लग्न लावू, असा विचार चालला असेल तर थांबा. नोंदणी झाली की लग्न झालं असंच धरतात आणि तिचं नाव तिथेच गळतं.