पार्श्वभूमी : पावसातली सांगे सफर आणि ‘नेत्रावळी बंद’चा घोळ

जूनमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झावळ्यांची हंगामी खानपानगृहे, उतरतात, समुद्रात उतरायला बंदी येते आणि मडगावच्या गाड्या आतल्या केपे-सांगे तालुक्यांकडे वळतात. उसगाळीमळची कातळचित्रे, साळावली धरणाचा सांडवा, नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी. सगळ्या रस्त्यालगतच्या, तासा-दोन तासांत बघून होणाऱ्या नवलाच्या जागा. गर्दी मात्र अलीकडची आहे.

सांगे हा नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेला मुलूख. पोर्तुगीजांकडे तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, म्हणून आधीपासून त्यांच्याकडे असलेल्या सासष्टीत वळणावळणावर खुरीस (क्रूस) दिसतात तिथे इकडे घुमटी (छोटे देऊळ), रोयण (पुजले जाणारे वारूळ) आणि राखणदाराची, म्हणजे गावरक्षक देवाची, जागा दिसते. या जागा बघण्यासाठी कुणी मुद्दाम गाडी काढत नसे. जत्रेला जाताना नारळ ठेवायचा आणि पुढे व्हायचे.

त्यात सांगे-केप्याचे रस्ते खनिजाच्या ट्रकांचे. पावसात लाल चिखल, उन्हात लाल धूळ. मुलांना घेऊन दुचाकीवर निघायची हिंमत कोण करणार? २०१२ साली खाणी बंद पडल्या. कितीतरी घरांच्या चुली त्याने विझवल्या, हे विसरता येत नाही. पण रस्ते मोकळे झाले, आणि ‘अंतर्गत पर्यटन’ हा शब्द सरकारी भाषणांतून निघून रिवणच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला तो त्यानंतरच.

उसगाळीमळची चित्रे अभ्यासकांनी १९९३ साली नोंदवली. कुशावतीच्या काठच्या जांभ्या कातळावर बैल, हरणे, माणसे आणि सात फेऱ्यांचा तो चक्रव्यूह. वयाबद्दल एकमत नाही. कुणी काही हजार वर्षे म्हणतो, कुणी त्याच्याही बरेच मागे जातो. उन्हाळ्यात गेलात तर रेघा दिसाव्यात म्हणून कातळावर पाणी शिंपडावे लागते. पावसाच्या भुरभुरीत त्या आपसूक उठून येतात. नदी चढली असेल तर मात्र काठावर उतरू नये.

साळावलीचा सांडवा घोड्याच्या नालेच्या आकाराचा. पाणी ४१.१५ मीटरला पोचले की सगळ्या कडेने एकदम आत कोसळू लागते, आणि त्या दिवशी सांगे बाजारात बोलणे दुसरे नसते. याच धरणाखाली कुर्डी गेले. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांच्या आडनावात उरलेले ते गाव उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यातून वर येते आणि गावचे लोक तिथे पुन्हा देवाला जमतात. कुर्डीचे महादेवाचे देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ परत उभे केले आहे. सांडव्याचे फोटो काढणाऱ्यांनी दहा मिनिटे त्या देवळात जावे, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य घोळ. जुलै २०२३ मध्ये मैनापीच्या धबधब्यावर दोन तरुण बुडाले. लगेच वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. त्याच महिन्यात रेल्वेमार्गालगतच्या दूधसागर धबधब्याला रुळांवरून चालत निघालेल्या तरुणांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ घरोघर फिरले. या दोन बातम्या लोकांच्या डोक्यात एक झाल्या आणि सुटसुटीत निरोप तयार झाला : ‘नेत्रावळी बंद.’

पण कुठली नेत्रावळी? एक गाव. दुसरे अभयारण्य, १९९९ साली, राज्यात राष्ट्रपती राजवट असताना जाहीर झालेले, सुमारे २११ चौरस किलोमीटरचे. मैनापी आणि सावरी हे धबधबे त्यातले. बुडबुड्यांची तळी गावात, गोपीनाथाच्या देवळाला लागून. त्यात गावाचे नाव रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने ‘नेतुर्लिम’ असे लिहितात, अभयारण्याचे मात्र ‘नेत्रावळी’. नकाशावर शोधणाऱ्याला ही दोन वेगळी ठिकाणे वाटतात, आणि बातमी ऐकणाऱ्याला दोन्ही एकच. त्या जुलैत आम्ही सांग्याला चहाला थांबलो, तर टपरीवाल्याने कळवळून सांगितले, “काका, कशाला जाता? सगळें बंद आसा.” आम्ही मागे फिरलो. तळी उघडीच होती, हे आठवड्याने कळले.

बंदी चूक होती असे मी म्हणणार नाही. घरातला मुलगा गेलेल्या आईसमोर तो वाद कुणी घालू नये. पण आदेश काढताना जागेचे नाव, ती जंगलात आहे की गावात, आणि किती दिवस, एवढे तीन ओळींत लिहायला हवे होते. जिल्हा प्रशासनाचे आदेश धबधबे, नद्या, बंद पडलेल्या चिरेखाणी सगळे एका दमात घेतात. मनाई तिथे पोहायला असते, बाहेर मात्र ‘जायला’ असा अर्थ पोचतो. नुकसान होते ते पावसाळ्याच्या चार महिन्यांवर विसंबलेल्या खानावळवाल्या बाईंचे, भाड्याची खोली देणाऱ्यांचे.

तळीबद्दल आणखी एक. चिऱ्याच्या पायऱ्या, शेवाळ, हिरवे पाणी, आणि तळातून सतत वर येणारे बुडबुडे. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असे गावात सांगतात. जमिनीतून वायू निघतो असे अभ्यासक सांगतात. पावसात पोचलात तर थोडे थांबावे लागते, कारण सरींचे थेंब आणि बुडबुडे पाण्यावर एकसारखीच वर्तुळे काढतात. सर ओसरली की थेंबांची वर्तुळे विरतात. मग जी उरतात, ती खालून आलेली.