श्वानांतील एट्रियल फिब्रिलेशन : 'नियंत्रित गती' म्हणजे नेमकी किती?

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे (अलिंदे) लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरणे; त्यामुळे खालच्या कप्प्यांचे (निलयांचे) ठोके अनियमित आणि बहुधा फार जलद पडतात. हृदयविकारावरील डिजिटॅलिस या वनस्पतीचा उपयोग इंग्लंडमध्ये १७८५ साली ग्रंथरूपाने मांडला गेला. त्याच वनस्पतीच्या दुसऱ्या एका जातीतून १९३० मध्ये वेगळे काढलेले डिजॉक्सिन पुढे पशुवैद्यकातही रुळले, आणि त्यानंतर बीटा-ब्लॉकर व डिल्टियाझेम ही गती कमी करणारी औषधे आली. हृदयविकाराने अलिंदे फुगलेल्या मोठ्या कुत्र्यांत मूळ लय परत आणली तरी ती सहसा टिकत नाही, म्हणून निलयांची गती कमी करणे हेच उपचाराचे उद्दिष्ट ठरले.

वाद आहे तो 'नियंत्रित गती' या शब्दप्रयोगाचा. अनेक वर्षे हा निर्णय दवाखान्यातील टेबलावर घेतलेल्या ईसीजीवरून होत असे. पण तेथे कुत्रा बिथरलेला असतो आणि घरी निजलेल्या त्याच कुत्र्याचे ठोके बरेच कमी भरतात. डिजॉक्सिनचा परिणाम मुख्यतः हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत होत असल्यामुळे ते विश्रांतीत चांगले चालते आणि उत्तेजित अवस्थेत तोकडे पडते, तर डिल्टियाझेम अलिंदांकडून निलयांकडे विद्युतसंदेश नेणाऱ्या अलिंद-निलय गाठीवर थेट काम करते. म्हणजे मोजण्याची जागा बदलली की औषधांची तुलनाही बदलते.

२४ तासांच्या होल्टर नोंदीने, म्हणजे अंगावर बांधलेल्या लहान यंत्राने सतत घेतलेल्या ईसीजीने, हा गुंता बराचसा सोडवला. २००९ च्या एका अभ्यासात १८ कुत्र्यांना ही दोन्ही औषधे आळीपाळीने आणि नंतर एकत्र देण्यात आली. मिनिटाला सरासरी १९४ असलेली गती डिजॉक्सिनने १६४, डिल्टियाझेमने १५८ आणि दोन्ही मिळून १२६ वर आली. २०१८ मध्ये होल्टरवरील सरासरी १२५ च्या खाली असलेले कुत्रे बरेच अधिक काळ जगल्याचे दिसले. हा अभ्यास मागील नोंदींवर आधारलेला होता, त्यामुळे गती कमी केल्याने आयुष्य वाढले की मुळात सौम्य आजार असलेल्यांचीच गती कमी होती, हे त्यावरून ठरत नाही.

माणसांत विश्रांतीतील गती ११० च्या खाली राखणे पुरेसे असल्याचे २०१० मधील एका चाचणीत आढळले, आणि तिचा आधार श्वानांसाठीही घेतला जातो. तो आधार मला कच्चा वाटतो, कारण फिब्रिलेशन असलेले बहुतेक कुत्रे उपचाराला येतात तेव्हा त्यांचे हृदय आधीच निकामी होऊ लागलेले असते. होल्टर उपलब्ध नसेल तेथे मालकाने घरी, कुत्रा झोपलेला असताना, छातीवर तळहात ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. मांडीतील नाडीवर विसंबू नये, कारण या विकारात प्रत्येक ठोका तेथपर्यंत पोहोचत नाही आणि आकडा खोटाच कमी दिसतो.