पांढरीतलं धन : मराठवाड्यात हंडे कुणी पुरले आणि कुणाला सापडले

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं. गावाला गढी होती, आता तिचा एक बुरूज आणि पांढऱ्या मातीचा ढीग उरलाय. गेल्या उन्हाळ्यात गावातली दोन पोरं ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर घेऊन त्या ढिगावर फिरत होती. दिवसभरात सापडलं काय, तर बैलाची नाल, गंजलेले खिळे, गाडीच्या चाकाच्या धावेचा एक तुकडा आणि विळ्याचं पातं. संध्याकाळी पारावर एकाने मला विचारलं, "मामा, इथं काहीतरी असणारच ना?"

असणारच. मराठवाड्यात जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाखाली काही ना काही आहे. पण ते तिथं कसं गेलं, हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. त्या पोराला पारावर बसून जेवढं सांगता आलं नाही, ते इथं लिहितो आहे.

सुरुवात मातीपासूनच करावी लागेल. आपल्याकडे गावची जमीन दोन रंगांची, काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. मातीची घरं पिढ्यान्‌पिढ्या पडतात, त्यावर नवी उभी राहतात. चुलीची राख, चुना, हाडं, शेण, खापरं सगळं त्याच जागी मुरत जातं आणि वस्तीखालची माती पांढरट होते, गाव हळूहळू टेकाडावर चढतं. ही पांढरी माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, घालायला उत्तम, पाणी लवकर झिरपू देत नाही. त्यामुळे मृगाआधी पांढर खणून टोपल्या भरून न्यायच्या हा दर वर्षीचा रिवाज होता. म्हणजे मराठवाड्यातलं सर्वात मोठं उत्खनन कुठल्या खात्याने केलेलं नाही. ते आपल्या आज्या-पणज्यांनी, गळक्या छतापायी, टिकावाने केलेलं आहे.

तेरला हेच झालं. संत गोरोबा काकांचं तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नोंद आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान खडे जायचे, तगरहून कापड, आणि हा माल अवघड वाटांनी गाड्यांवर लादून भडोच बंदरात पोचायचा. त्या व्यापाराच्या खुणा तेरच्या पांढरीत होत्या. शंखाच्या बांगड्या, अकीकाचे मणी, रोमन नाण्यांची नक्कल केलेले मातीचे ठसे, हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. या मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली निघालेली आहे. पावसाने माती धुपली की पोरं टेकाडावर मणी वेचायची. त्यातलं बरंच काही आज बघायला मिळतं ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. लोक जे मातीमोल समजत होते ते त्यांनी जमवलं, आणि आज तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. पैठणला तेच काम बाळासाहेब पाटील यांनी केलं. या दोघांचं ऋण मराठवाड्याने पुरेसं मानलेलं नाही.

या सातवाहनकालीन थरात सोनं शोधणारा बहुधा निराशच होतो. त्या काळची आपल्याकडची बरीच नाणी शिशाची किंवा पोटीन नावाच्या मिश्रधातूची आहेत. काळपट, जाडीभरडी, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. यंत्र वाजतं, पोरगं खणतं, हातात शिशाची टिकली येते आणि ती बांधावर भिरकावली जाते. खरं तर त्या टिकलीवर कधी कधी राजाचं नाव असतं.

अशा नाण्यांनी इतिहास कसा उलगडतो, याचं माझ्या मते सर्वात चांगलं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं. १९०६ च्या सुमारास तिथं तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पैठणच्या राजाने नहपानाला हरवलं आणि त्याचाच पैसा आपल्या नावाने चालवला, हे त्या ढिगाने सांगितलं. नाणी सुटी होऊन शंभर सोनारांकडे गेली असती, तर हा पुरावा कधीच उभा राहिला नसता. एकेक नाणं तिथं गौण होतं, एकत्र सापडणं हाच पुरावा होता.

हंडा पुरण्याचा खरा काळ मात्र देवगिरीच्या पडझडीपासून सुरू होतो. यादवांची पद्मटंक नावाची सोन्याची नाणी मी एकदा काचेआड अगदी जवळून पाहिली. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन, नखाएवढी, पातळ. मधोमध पाकळ्यांचं कमळ, त्याभोवती 'श्री', शंख आणि देवनागरीत राजाचं नाव. प्रत्येक चिन्हाचा ठसा वेगळा मारलेला, आणि ते घाव एकाच बाजूने बसल्यामुळे नाणं वाटीसारखं किंचित खोलगट झालेलं. मागची बाजू कोरी. असं नाणं मडक्यात घालून पुरणाऱ्याची घाई समजून घ्यायची तर १२९६ साल आठवावं. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा यादवांचं मुख्य सैन्य बाहेर होतं. रामचंद्रदेवाला खंडणी द्यावी लागली. फिरिश्ताने तीन शतकांनंतर तिचा आकडा दिला आहे, सहाशे मण सोनं आणि सात मण मोती. आकडा फुगवलेला असेल. पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत स्वाऱ्या येत राहिल्या, राज्य बुडालं, आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथं आणून देवगिरीचं दौलताबाद केलं. अशा काळात सावकार, देवळाचे पुजारी, पाटील-देशमुख काय करतील? घरातलं सोनं मडक्यात घालून उंबऱ्याखाली नाहीतर परड्यात पुरतील आणि वारं शांत व्हायची वाट बघतील. जो हंडा आज सापडतो, तो पुरणारा माणूस परत आला नाही म्हणूनच सापडतो. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

पुढे बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही (हैदराबादचे निजाम) अशी राज्यं बदलली तशी नाणीही बदलली. औरंगाबादच्या मोगल टांकसाळीच्या नाण्यांवर शहराचं नाव 'खुजिस्ता बुनियाद' असं येतं. या मधल्या शतकांत लपवण्याच्या जागाही ठरून गेल्या. जमिनीखाली धान्याचं पेव असायचं, त्याच्या तळाशी. देवळीच्या मागे. आणि सर्वात जास्त बळदात. बळद म्हणजे जाड भिंतीच्या पोटात ठेवलेली पोकळी, वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं आणि भोक लिंपून टाकायचं. दीड-दोन हात जाडीच्या भिंतीत कुठं काय आहे, हे घरातल्या एखाद्याच माणसाला माहीत असायचं.

आमच्या गल्लीतलं एक माळवद पाडलं तेव्हा मी तिथंच होतो. बळद फोडताना टिकाव ठण्ण वाजला आणि मातीबरोबर तांब्याचा तांब्या घरंगळला. तोंडाला लाखेने चिकटवलेलं फडकं. आत ओंजळभर रुपये, चांदीचे, काळे पडलेले. एक घासून पाहिला तर चारमिनार दिसला. हे निजामाचे हाली रुपये. चारमिनारच्या कमानीत एक फारसी अक्षर असतं. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. या रुपयांवर 'ऐन' होता. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा रुपये, असा भाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. घरच्या म्हाताऱ्या आत्या तिथंच खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी रुपया हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात माय खडी फोडाय गेली रं. आन् हे भितीत व्हतं."

त्या घराने ते कधी लपवलं असेल याचा अंदाज बांधता येतो. १९४७-४८ चं ते साल. रझाकारांच्या भीतीने सरहद्दीलगतची कितीतरी कुटुंबं रातोरात हद्द ओलांडून भारताच्या मुलखात, सोलापूरकडे निघून गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत जागोजागी मुस्लीम कुटुंबांवर हल्ले झाले. भारत सरकारने चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड होते. आधी एका बाजूची आणि मग दुसऱ्या बाजूची घरं रिकामी झाली. भिंतीत आणि अंगणात दोघांनीही लपवलं. मराठवाड्यात सापडणाऱ्या हाली रुपयांच्या मागे हे सगळं आहे, आणि ते सांगताना एकच बाजू सांगू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि याच जाड भिंती माणसांच्या अंगावर आल्या. बावन्न गावं नव्या जागी वसवली. जुन्या गावठाणांवर आता बाभळी आहेत, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत नवी पांढर तयार होते आहे. तिथं यंत्र घेऊन फिरायचा विचारसुद्धा कुणी करू नये, ती लोकांची राख आहे.

धन शोधण्याचा जुना मार्ग यंत्राचा नव्हता, पायाळूचा होता. पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीखालचं पाणी आणि धन दिसतं, धनावर भुजंग बसलेला असतो, धन जागा बदलतं, रात्री हंडा वाजत जातो, आणि ते 'काहीतरी मागतं'. हे शेवटचं वाक्य जीवघेणं ठरलेलं आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि मूल या दोन हव्यासांपायी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं आली, आणि त्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आजही हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्यात किंवा एखाद्या वीरगळाखाली रातोरात खणलेला खड्डा दिसला, की त्याच्या मागे हीच समजूत असते.

त्या मानाने मेटल डिटेक्टर हे साधं, स्वच्छ यंत्र. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात भोवरे प्रवाह उठतात आणि यंत्र ते ओळखून वाजतं. १८८१ मध्ये ग्रॅहॅम बेलने अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असंच यंत्र वापरून पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात ते सुरुंग शोधायला आलं. एकटं नाणं त्याला वीत-दीड वीत खोलपर्यंतच कळतं. आणि आपली माती त्याला चकवते. आपली जमीन बेसाल्टची, तिच्यात लोहयुक्त मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे धातू नसतानाही यंत्र कुरकुरतं. आमच्या पोरांनी निम्मे खड्डे बहुधा नुसत्या मुरमासाठी खणले.

इंग्लंडमधल्या हॉक्सन गावची १९९२ ची गोष्ट मी त्यांना सांगितली. शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन गेला आणि रोमन काळातलं सोनं-चांदी लागलं. थोडं हाती येताच त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेलं काढलं. जवळपास पंधरा हजार नाणी, आणि ती ज्या लाकडी पेटीत ठेवली होती तिच्या खुणासुद्धा. हातोडाही सापडला, तो आता संग्रहालयात आहे.

"पण आपल्याकडं कळवलं की सरकार सगळंच नेतंय," पोरगं म्हणालं. ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यामुळेच रातोरात सोनं आटवलं जातं. कायदा मात्र तसा नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, म्हणजे बळदातला तांब्यासुद्धा. मूळ कायद्यात मर्यादा दहा रुपयांची आहे. त्याहून जास्त किमतीचं काही सापडलं तर काय, किती, कुठं आणि कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, वस्तू जमा करायची किंवा जामीन द्यायचा. मग जाहीर सूचना निघते आणि चार ते सहा महिन्यांनंतरच्या तारखेला चौकशी होते. शंभर वर्षांच्या आत लपवलेलं असेल आणि वारस पुढे आला, तर त्याला दिवाणी दाव्यासाठी मुदत मिळते. बेवारस ठरलं आणि जागामालकाने हक्क सांगितला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक मालकाचा. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजून घेता येतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दौलताबादसारख्या संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं हा वेगळा गुन्हा, तिथं हिश्श्याचा प्रश्नच येत नाही.

धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा हे पद्मटंकासारख्या नाण्यासाठी फारच कमी आहे, हे मी त्याला मान्य केलं. शोधणाऱ्याला नाण्याच्या खऱ्या मोलाप्रमाणे पैसे मिळाले असते तर सोनाराची भट्टी इतकी पेटली नसती. हा कायदा बदलायला हवा.

आत्यांच्या घरच्या तांब्याचं पुढे काय झालं, हेही त्याने विचारलं. संध्याकाळपर्यंत रुपये भावकीत वाटले गेले होते, दिवाळीत त्यातल्या काहींचे पैंजण झाले. भिंतीचा तो भाग कुणी मोजला नाही, फोटो काढला नाही. लाखेचं फडकं मी मागून घेतलं होतं. ते माझ्याकडे एका डब्यात आहे, त्याच्या आतल्या बाजूला रुपयांचे गोल डाग उमटलेले आहेत.