गॅप पडला, बारावीला कमी मार्क, म्हणून एमबीबीएस बंद?

'वय पंचवीसच्या पुढे गेलं किंवा बारावीला साठ टक्क्यांच्या खाली आलात, तर एमबीबीएस विसरा', असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी कितीतरी जण फॉर्मच भरत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

वयाची गोष्ट हवेतून आलेली नाही. नीटसाठी, म्हणजे एमबीबीएसच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेसाठी, खुल्या गटाला 25 आणि राखीव गटाला 30 वर्षांची अट खरोखरच होती. 2022 मध्ये ती काढली. आता प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत, एवढंच. नीट कितीदा द्यावी, यालाही मर्यादा नाही.

आता मार्क. खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 50 टक्के लागतात, राखीव गटाला 40. इंग्रजीसह हे विषय पास हवेत. समजा फिजिक्सला 42, केमिस्ट्रीला 48, बायोलॉजीला 66 आहेत. बेरीज 156, म्हणजे 52 टक्के. खुल्या गटातही पात्र! गणितात काठावर पास असाल तरी इथे फरक पडत नाही. पुढची गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते, बारावीच्या टक्क्यांवर नाही. अर्थात तिथली स्पर्धा अवघड आहे, पण ती सगळ्यांनाच.

खात्री करायची तर नीटच्या अधिकृत संकेतस्थळावरून यंदाची माहितीपुस्तिका उतरवा, पात्रतेचं प्रकरण उघडा आणि मार्कशीट शेजारी ठेवून बेरीज करा. राज्याच्या प्रवेशपुस्तिकेतले अधिवासाचे नियमही त्याच बैठकीत वाचा.